मराठवाड्यात घरच्या घरी सहाशे लिटरची रीफ टाकी: आधी पाणी, गारवा आणि वीज, मग मासे

रीफ टाकीवरची, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळासारखे प्राणी ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरची, बहुतेक माहिती किनाऱ्यावरच्या किंवा थंड देशातल्या लोकांसाठी लिहिलेली असते. ती वाचून संभाजीनगर, परभणी, लातूर किंवा बीडमध्ये टाकी उभी केली की ती हमखास पहिल्या मे महिन्यात गचकते. दोष मिठाचा किंवा दिव्यांचा नसतो. आपल्याकडे टाकी तीन गोष्टींवर मरते: बोअरचं जड पाणी, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन आणि ऐन दुपारी जाणारी लाइट. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. काचेची ऑर्डर देण्याआधी या तिन्हींची सोय करायची.

पुढची सगळी आकडेमोड एका ठरावीक टाकीची आहे: मुख्य टाकी ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच (१५० × ६० × ६० सेंमी). खाली सम्प, म्हणजे गाळणीची टाकी, १२० × ४५ × ४० सेंमी. दगड-वाळूची जागा वजा जाता दोन्हींत मिळून साधारण ६०० लिटर पाणी खेळतं. याहून लहान टाकी सोपी असते हा गैरसमज आहे. पाणी जितकं जास्त, तितकी चूक सावरायला उसंत जास्त.

खरेदीआधी कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली प्रवाळ घालण्यात आले: सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे. अ‍ॅक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन ही दुकानात दिसणारी लोभस नावं दगडी प्रवाळांचीच. समुद्रातून आणलेला 'लाइव्ह रॉक' म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडा, तोही याच कायद्यात अडकतो. ट्रायडॅक्ना शिंपले, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांनाही संरक्षण आहे. 'इम्पोर्टेड माल आहे' हे दुकानदाराचं तोंडी आश्वासन कामाचं नाही. परदेशी दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स (CITES) कराराखाली येतात आणि त्यांना वेगळी कागदपत्रं लागतात.

त्यामुळे इथली योजना मानवनिर्मित दगड, मऊ प्राणी (झोअँथिड, मशरूम, लेदर) आणि शक्यतो हॅचरीत वाढवलेले मासे यांच्यावर बेतलेली आहे. प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल घ्या. शंका आली तर वन विभागाच्या कार्यालयात विचारा आणि उत्तर येईपर्यंत घेऊ नका.

जागा आणि वजन

मुख्य टाकीतलं पाणी ४८० किलो, काच ११० किलो, दगड आणि वाळू मिळून ९० किलो, सम्प पाण्यासकट १५५ किलो, लोखंडी स्टँड ७० किलो. बेरीज ९०० किलोच्या घरात, आणि हे सगळं एक चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. तो पूर्ण खोलीवर पसरलेला धरतात, म्हणून एका कोपऱ्यात जास्त वजन लगेच घातक ठरत नाही. पण वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर बीमवर, भिंतीला लागून आणि बांधकाम अभियंत्याला विचारूनच. माळवदाच्या जुन्या घरात वरच्या खणाचा विचारही नको.

तळमजला सुरक्षित वाटतो, पण तिथे काळी माती दगा देते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यातली मुरमाची भर नीट धुम्मस केलेली नसेल तर फरशी एका बाजूला बसते. दोन मिलिमीटर बसली तरी काचेच्या सांध्यावर पीळ येतो. फरशी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढ्या जागेतली फरशी उचलून मुरूम चोपा आणि चार इंच जाळीचं काँक्रीट टाका. हे काम टाकी आल्यावर करता येत नाही.

पश्चिमेची भिंत टाळा. ती दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. उत्तरेची किंवा घराच्या मधली भिंत उत्तम.

पाणी

भूजलातला क्षार हा इथला पहिला शत्रू. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरलेले एकूण क्षार) हजारच्या वर असणं नवलाचं नाही, आणि शेतीच्या भागात त्यात नायट्रेटही असतं. असं पाणी थेट वापरलं तर पहिल्याच महिन्यात टाकी शेवाळाने भरते आणि कारण सापडत नाही. नळाचं पाणी तुलनेने हलकं, पण त्यात क्लोरिन असतो आणि ते कधी चार, कधी आठ दिवसांनी येतं.

घरातला पिण्याचा आरओ चालेल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. चालणार नाही. त्यातला टीडीएस कंट्रोलर चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो, खनिजांचं काडतूस क्षार घालतं, आणि हल्ली लोकप्रिय असलेल्या 'कॉपर' मॉडेलमध्ये मुद्दाम तांबं सोडलेलं असतं. तांबं माणसाला चालतं. गोगलगाय, कोळंबी आणि मऊ प्रवाळ त्याने मरतात. जारचं पाणीही याच कारणांसाठी नको. एसीतून गळणारं पाणी जमवण्याची कल्पनाही सोडा. टीडीएस मीटरवर ते दहाच्या आत दिसतं, पण तांबं-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून आलेलं असतं आणि मीटर धातू कोणता ते सांगत नाही.

वेगळा संच बसवा: ५ मायक्रॉनचा गाळ-फिल्टर, कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, १०० गॅलनचा मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिनच्या (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांच्या) दोन नळ्या, एकापाठोपाठ एक. मेम्ब्रेनवरचा १०० गॅलन हा आकडा दिवसाला ३८० लिटरचा असला तरी जड पाण्यावर त्याच्या निम्मं मिळालं तरी पुष्कळ. मेम्ब्रेननंतर टीडीएस ५० ते ८० आणि डीआयनंतर ० ते १ यायला हवा. पहिल्या डीआय नळीनंतर मीटर २ दाखवू लागला की ती टाकून द्या, दुसरी पहिल्या जागी घ्या, नवी शेवटी लावा.

डीआय रेझिन इथे फार लवकर संपतं. बोअरच्या पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून आरपार जातो आणि रेझिन खातो. उपाय साधा आहे: मेम्ब्रेनचं पाणी थेट डीआयमध्ये न सोडता आधी एका टाकीत घ्या, हवेचा दगड लावून एक दिवस बुडबुडे मारा आणि मग डीआयमधून काढा. रेझिनचं आयुष्य बरंच वाढतं.

आता हिशेब. पहिल्या भरणीला ६०० लिटर शुद्ध पाणी. दर आठवड्याला १० टक्के बदल म्हणजे महिन्याला २४० लिटर. वर बाष्पीभवन: हिवाळ्यात दिवसाला ४ ते ६ लिटर, मे महिन्यात पंखे लावल्यावर १२ लिटर किंवा जास्त. म्हणजे मे महिन्यात ६०० लिटर, जवळपास अख्खी टाकी. जड पाण्यावर एका लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जातं, म्हणजे महिन्याला १८०० ते २४०० लिटर कच्चं पाणी. ज्या भागात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा आकडा आधीच कागदावर मांडून घरच्यांसमोर ठेवायला हवा. वाया जाणारं पाणी संडासाच्या टाकीत, फरशी पुसायला, गाडी धुवायला वळवा. झाडांना सतत घालू नका. त्यात क्षार कच्च्या पाण्याच्या दीडपटीपर्यंत वाढलेले असतात, माती चोपण होते.

फूड-ग्रेड प्लास्टिकची ५०० लिटरची टाकी शुद्ध पाण्यासाठी आणि २०० लिटरचा ड्रम मीठ कालवायला, एवढी साठवण हवी. टँकर दोन आठवडे आला नाही तरी टाकी चालली पाहिजे.

पावसाचं पाणी ही आपल्याकडची चांगली सोय आहे. काँक्रीटच्या स्लॅबवरचं पाणी, पहिले तीन-चार मोठे पाऊस सोडून, कार्बन आणि डीआयमधून काढलं तर मेम्ब्रेनची गरजच पडत नाही आणि थेंबही वाया जात नाही. पत्र्याच्या छपरावरचं घेऊ नका, त्यात जस्त उतरतं.

उष्णता

पाण्याचं तापमान २५ ते २६.५ अंश हवं. २८ ला प्राणी तग धरतात, ३० च्या वर एकेक जाऊ लागतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि नेमकी तेव्हाच प्राण्यांची गरज वाढते.

कोरडी हवा मात्र इथे आपल्या बाजूची आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता घेऊन जातं. दिवसाला १२ लिटर उडालं तर जवळपास ३४० वॉटची सततची थंडाई. पंप आणि दिवे मिळून पाण्यात जी उष्णता घालतात तिला हे पुरतं, खोलीतून येणारीही बरीचशी निघते. माठातलं पाणी गार होतं तेच हे तत्त्व. म्हणून एप्रिल-मे मध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके वारा मारणारे चार छोटे डीसी पंखे, थर्मोस्टॅटवर लावलेले, स्वस्तात मोठं काम करतात. त्याच खोलीत वाळ्याचा कूलर चालवू नका. कूलर हवा दमट करतो आणि पंख्यांचा परिणाम निम्मा होतो. जुलै-ऑगस्टमध्येही हेच होतं. तेव्हा हवा कमी तापलेली असूनही टाकी २९ वर अडकून बसते आणि लोक चक्रावतात.

पंख्यांवर पूर्ण भिस्त ठेवायची तर पाणी जातं, चिलरवर ठेवायची तर वीज. अर्धा हॉर्सपॉवरचा चिलर या टाकीला पुरतो, पण तो पाण्यातली उष्णता खोलीतच ओततो. बंद खोलीत ठेवला तर खोली ४० च्या वर जाते, चिलरचा दम उखडतो आणि तो न थांबता चालत राहतो. तो बाहेरच्या सावलीच्या बाजूला किंवा एक्झॉस्ट पंख्यासमोरच हवा. आमचं मत विचाराल तर चिलरचे पैसे दीड टनाच्या इन्व्हर्टर एसीत घाला. खोली २६-२७ अंशांवर ठेवली की टाकी आपोआप जागेवर राहते, बाष्पीभवन घटतं, आणि उन्हाळ्यात घरची माणसंही त्याच खोलीत बसतात, त्यामुळे विजेच्या बिलावरून कुरबुर कमी होते. पंखे दुसऱ्या फळीला ठेवा.

हिवाळा विसरू नका. परभणीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. ४०० वॉटचा एक हीटर घेण्यापेक्षा २०० वॉटचे दोन घ्या आणि दोन्ही बाहेरच्या एकाच कंट्रोलरवर चालवा. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटून राहणं हा नेहमीचा बिघाड आहे; लहान हीटर अडकला तर टाकी उकडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपल्या लक्षात येतं.

वीज

टाकीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, तिच्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारी खटकी. खारं पाणी आणि वीज यांच्यात हा एकच रखवालदार आहे, याच्यावर काटकसर नको. अर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. फेब्रुवारीपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. प्लगचे बोर्ड टाकीच्या बाजूला, उंचावर. प्रत्येक वायर आधी खाली लोंबून मग वर प्लगला जाऊ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरत नाही.

लाइट गेली की मासे उष्णतेआधी प्राणवायूअभावी मरतात. म्हणून बॅकअपवर पाणी हलवणारी यंत्रंच ठेवा: कमी वेगावर परतीचा डीसी पंप ४० वॉट आणि एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंखा) २० वॉट. १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, हातात हजार-अकराशे येतात. ६० वॉटवर सोळा-सतरा तास निघतात. त्याच इन्व्हर्टरवर घरातला टीव्ही आणि पंखे लावले की हिशेब कोलमडतो. टाकीचा इन्व्हर्टर वेगळाच हवा.

आणि फ्रीझरमध्ये एक-एक लिटरच्या बारा बाटल्या शुद्ध पाणी भरून गोठवून ठेवा. ६०० लिटर पाणी एक अंशाने उतरवायला साडेपाच-सहा किलो बर्फ लागतो. मे महिन्यात दुपारी फीडर गेला तर सम्पमध्ये दोन-दोन बाटल्या अर्ध्या तासाने सोडत जा. शुद्ध पाणी यासाठी की एखादी बाटली फुटली तरी नुकसान नाही.

काच, स्टँड, नळकाम

दोन फूट उंचीला १२ मि.मी.ची साधी फ्लोट काच, वर चारही बाजूंनी आतल्या अंगाला तीन इंचांची काचपट्टी. टफन्ड काच घेऊ नका, तिला नंतर भोक पाडता येत नाही. समोरची काच लो-आयर्न घेतली तर हिरवट झाक जाते. बाकी तीन बाजूंना तो खर्च वाया. सांध्याला बुरशीनाशक नसलेलं अ‍ॅक्वेरियम सिलिकॉन. बाथरूमचं सिलिकॉन बुरशीनाशक घातलेलं असतं. सात दिवस सुकू द्या, मग सात दिवस साध्या पाण्याने काठोकाठ भरून अंगणात ठेवा.

स्टँड ५० × ५० मि.मी., ३ मि.मी. जाडीच्या एमएस पाइपचा. वेल्डरला सांगायचं ते हे: टाकीचं वजन उभ्या पाइपच्या डोक्यावर यावं, वेल्डिंगच्या टाक्यांवर लटकू नये. दोन हात एपॉक्सी प्रायमर आणि एपॉक्सी रंग. साधा ऑइलपेंट वर्षात पोपडे धरतो. वर १९ मि.मी. मरीन प्लाय, त्यावर १० मि.मी. फोम. पाणसळ चारही बाजूंनी आणि कर्णावर लावा. सम्प पुढून बाहेर काढता येईल एवढी मोकळी जागा ठेवा, नाहीतर गळती झाली त्या दिवशी टाकीच उचलावी लागेल.

पाणी खाली आणायला मागच्या काचेला वरच्या काठाशी ओव्हरफ्लो बॉक्स आणि त्यातून सव्वा इंची तीन नळ्या. पहिलीवर व्हॉल्व्ह, ती पूर्ण भरून गुपचूप वाहते. दुसरी उघडी, तिच्यातून पाण्याची बारीक धार. तिसरी संकटकालीन, एरवी कोरडी. तिसरीचं खालचं तोंड सम्पच्या पाण्याच्या वर ठेवा. पहिली गोगलगायीने तुंबली की तिसरीतून धो धो आवाज येतो आणि घर जागं होतं. दोनच नळ्यांवर भागवणारे कारागीर भेटतील. त्यांचं ऐकलंत तर एके दिवशी दिवाणखान्यात पाणी.

हार्डवेअरच्या दुकानात टँक निपल आणि गेट व्हॉल्व्ह मागितले की पितळी देतात. यूपीव्हीसीचे मागा. पितळेत तांबं असतं. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) एकही तुकडा पाण्याला लागता कामा नये.

परतीचा पंप ताशी ५००० ते ६००० लिटरचा डीसी. दीड मीटर चढून आणि कोपरे ओलांडून तो प्रत्यक्षात २५०० ते ३००० लिटर देतो, तेवढंच हवं. परतीच्या नळीचं तोंड पृष्ठभागाच्या दोन सेंमी खालीच ठेवा. पंप बंद पडल्यावर नळीतून पाणी उलटं येतं. तोंड खोल असेल तर दर अडीच सेंमीला २२ लिटर सम्पमध्ये उतरतात. चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात चुनखडीचा थर जमतो आणि तो उघडाच राहतो.

सम्पमध्ये पाणी २२ सेंमी उंचीवर चालवा. म्हणजे १२० लिटर पाणी आणि वर ८५ लिटर मोकळी जागा. पंप बंद करून मोजा, सम्प भरून वाहता कामा नये. ही चाचणी मीठ घालण्याआधी, पाच वेळा. कप्पे तीन: मोज्याची गाळणी आणि प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांनी घाण फेसात काढणारं यंत्र), मग कीटोमॉर्फा शेवाळाचा कप्पा, मग परतीचा पंप. स्किमर ८०० लिटर क्षमतेचा घ्या. डब्यावरचे आकडे नेहमी आशावादी असतात.

उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ हवाच, पण त्याची बादली ३० लिटरपेक्षा मोठी नको. सेन्सर अडकून सगळं पाणी ओतलं गेलं तरी क्षारता (हजार भागांत मिठाचे भाग) ३५ वरून ३३ वर येते, प्राणी वाचतात. तोच पाइप ५०० लिटरच्या टाकीला जोडला तर समुद्राची खाडी होते.

दगड, वाळू, मीठ

अंगणातला काळा दगड फुकट आहे, पण बेसाल्ट घट्ट असतो, छिद्रं नसतात. जिवाणूंना घर मिळत नाही, वजन मात्र वाढतं. गोदावरीची वाळूही नको. अ‍ॅरागोनाइटचा किंवा सिरॅमिकचा तयार दगड ४० ते ४५ किलो आणि अ‍ॅरागोनाइट वाळू तीन सेंमी थराची, साधारण ४५ किलो. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ यांचे दगड घरी ओतता येतात, पण ते सहा ते आठ आठवडे पाणी बदलत भिजवावे लागतात. पीएच ८.५ च्या खाली येईपर्यंत टाकीत नको. दगड थेट तळकाचेवर बसवा, वाळू नंतर घाला. वाळूवर ठेवलेला दगड गोबी मासा पोखरून पाडतो. मागच्या काचेपासून चार बोटं अंतर सोडा.

मीठ म्हणजे रीफसाठीचं तयार मिश्रण. खडेमीठ आणि सैंधव यांचा इथे संबंध नाही. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, पहिल्या भरणीला सुमारे २२ किलो. आधी पाणी, मग मीठ थोडं थोडं, पंप चालू ठेवून. उलटं केलं तर चुना साका होऊन तळाशी बसतो. २४ तासांनी २५ अंशाला ३५ क्षारता, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचा मीटर) ३५ च्या द्रावणाने जुळवा. शुद्ध पाण्याने शून्य केलेला मीटर वरच्या टोकाला चुकू शकतो.

मग जिवाणू वाढवण्याचे चार ते सहा आठवडे. अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड वापरा, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाल्याचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा. ६०० लिटरला ३.८ ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएम होतो. बाटलीतले जिवाणू त्याच दिवशी. एवढा डोस २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य करू लागला की टाकी तयार. या काळात दिवे बंद. मधे तपकिरी पापुद्रा येतो, त्याला घाबरून औषधं ओतू नका, तो जातो. महिनाभर गेला नाही तर डीआय संपलं का ते बघा.

वेव्हमेकर दोन, प्रत्येकी ताशी ६००० ते ८००० लिटर, समोरासमोर. दिवे १०० ते १२० वॉटचे तीन रीफ एलईडी. सुरुवात ४० टक्क्यांवर, सहा आठवड्यांत ६५-७० टक्के, दिवसाला ८ ते ९ तास. मऊ प्राण्यांना याहून जास्त उजेड सोसत नाही.

प्राणी आणण्याचा हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर मुंबई-पुण्याहून पार्सल मागवू नका. बसच्या डिकीत थर्माकोलचा खोका भट्टी होतो. समृद्धी महामार्गाने स्वतःच्या गाडीत, एसी लावून, रात्री आणलेले मासे सर्वांत कमी मरतात.

पिशवी आठ तासांहून जास्त बंद असेल तर थेंबथेंब पाणी मिसळण्याची पद्धत घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडून हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून विक्रेत्याला त्याच्या पाण्याची क्षारता आधीच विचारा, विलगीकरणाची टाकी तेवढ्याच क्षारतेला ठेवा, पिशवी वीस मिनिटं तरंगवा आणि मासा उचलून आत सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या. क्षारता पुढच्या चार-पाच दिवसांत वाढवा.

विलगीकरणाची ८० लिटरची उघडी टाकी, स्पंज फिल्टर, चार आठवडे. तांब्याचं औषध द्यायचं ते इथेच. मुख्य टाकीत एकदा तांबं गेलं की दगड ते धरून ठेवतात.

पहिली क्लाउनफिशची जोडी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलं आहे, त्यामुळे हॅचरीची पिलं देशात मिळू शकतात, आणि ती समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा चिवट असतात. मग गोबी, दोन-तीन क्रोमिस, क्लीनर कोळंबी, वीस-पंचवीस गोगलगायी. चार महिन्यांनी एक ब्रिसलटूथ टँग. निळी 'डोरी' पोरांना हवी असते, पण ती फूटभर वाढते आणि पाच फुटांत कोंडल्यासारखी फिरते.

झोअँथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा. झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नका, उकळतं पाणी ओतू नका, कोरडा घासू नका; वाफेतून विष छातीत गेलं तर अख्खं घर दवाखान्यात. झेनिया घ्यायचा असेल तर वेगळ्या दगडावर, तो हरळीसारखा पसरतो.

रोजचं आणि महिन्याचं

रोज तापमान, टॉप-ऑफची बादली आणि माशांची मोजदाद. आठवड्याला क्षारकता (अल्कलिनिटी; ही क्षारतेहून वेगळी, डीकेएच या एककात मोजतात) ८ ते ९ डीकेएच, नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. महिन्याला कॅल्शियम ४०० ते ४४०, मॅग्नेशियम १२८० ते १३५०. मऊ प्राण्यांच्या टाकीत साप्ताहिक पाणीबदलातून बहुतेक भागतं. क्षारकता उतरली तर शुद्ध खाण्याचा सोडा: ६०० लिटरला १८ ग्रॅमने एक डीकेएच वाढतो. शुद्ध पाण्यात विरघळवून, सम्पमध्ये, दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त नाही. बेकिंग पावडर वेगळी वस्तू, ती नको.

गावी जाताना शेजाऱ्याकडे खाद्याचा डबा देऊ नका. माया म्हणून तो मूठभर टाकतो आणि परत येईपर्यंत पाणी दुधी होतं. दिवसाच्या पुड्या करून तारीख घालून ठेवा, बाकीचा डबा कुलपात. सोबत एका कागदावर चार ओळी: लाइट गेली तर कोणतं बटन, बर्फाच्या बाटल्या कुठे, टॉप-ऑफचं पाणी कोणत्या टाकीतलं, आणि कोणतं पाणी अजिबात घालायचं नाही. शेवटची ओळ ठळक लिहा, कारण बादली रिकामी दिसली की माणूस जवळच्या नळाकडे वळतो.